एका आकड्याची धाव

टायरला मराठीत एक जुना शब्द आहे, धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते ती धाव. सुतार तुंबा आणि आरे जुळवून चाक उभं करायचा, मग लोहाराचं काम सुरू व्हायचं. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी कडी तो शेणीच्या आगीत लालभडक करायचा. तापलेलं लोखंड वाढतं, तेवढ्या वेळात दोघातिघांनी चिमट्यांनी धरून ती चाकावर चढवायची आणि वरून भराभर पाणी ओतायचं. चर्र आवाज होऊन धाव आकसायची आणि सगळं चाक करकचून आवळून धरायची. इंग्रजीतला 'टायर' हा शब्दही मूळचा ह्याच लोखंडी पट्टीचा. चाकाला घातलेला पोशाख अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला असं मानतात. म्हणजे रबर यायच्या कितीतरी आधीपासून टायर होतेच.

ह्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लोहाराला मापाचा आकडा लागत नसे. तो एका लहान चकतीनं चाकाचा घेर मोजायचा, त्यात किती फेरे भरले ते ध्यानात ठेवायचा आणि त्या एकाच चाकासाठी ती एक धाव बनवायचा. दुसऱ्या गावच्या चाकाला ती बसेल की नाही हा प्रश्नच नव्हता.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते भाच्याच्या एका प्रश्नामुळे. हा भाचा अमेरिकेत असतो आणि ऑफिसला जातो तो विजेवर चालणाऱ्या एकचाकीवरून. (ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: एकच चाक, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दोन पावट्या, सीट नाही, हँडल नाही. माणूस उभा राहून जातो. पहिल्यांदा पाहताना आपल्यालाच घाम फुटतो.) मी सायकली उघडण्या-जोडण्यात बरीच वर्षं घालवलेली असल्यानं त्यानं विचारलं, "मामा, अठरा गुणिले तीन आणि पावणेतीन-चौदा हे एकच माप आहे का?" त्याच्या पहिल्या एकचाकीच्या टायरवर १६ × २.१२५ असं लिहिलेलं होतं. ह्या दुसरीच्या माहितीपुस्तकात १८ × ३ आहे. तिचा टायर गुळगुळीत झाला आणि बदली शोधायला गेला तर लोक सांगतात की २.७५-१४ घे. एकात अठरा, एकात चौदा. कोणाचं खरं?

गंमत अशी की दोघांचंही खरं आहे. पण ते का खरं आहे हे सांगायला दीडपावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं.

आधी एवढा आटापिटा कशासाठी ते सांगतो. सायकलचा मागचा टायर बसला तर आपण उतरतो, चार शिव्या देतो आणि ढकलत नेतो. एकचाकीत पुढचामागचा तोल माणूस सांभाळत नाही, यंत्र सांभाळतं. आत कलाचा अंदाज घेणारी इलेक्ट्रॉनिक्स असते. तुम्ही पुढे झुकलात की मोटर चाकाला जोरात फिरवून ते तुमच्या खाली आणते. चालणं म्हणजे इथे सतत पडणं आणि सतत सावरलं जाणं. हे सावरणं पोचतं ते टायरमधूनच, आणि रस्त्याला टेकलेला तो तळहाताएवढा रबराचा तुकडा हाच एक आधार. दुसरं चाक नाही. नव्या मोठ्या यंत्रांचं स्वतःचं वजन तीसचाळीस किलो असतं आणि ती ताशी ५० किलोमीटरच्या वर जातात. तिथे टायर रिमवरून निसटला तर सावरायला कोणी नाही. बहिणीनं मला वेगळा फोन करून "तू जरा नीट बघून सांग रे त्याला" म्हटलं, ते उगीच नाही.

तर हवेचा टायर. शाळेच्या पुस्तकात आपण डनलॉपचं नाव वाचतो, पण पहिला मान स्कॉटलंडच्या स्टोनहेवन गावच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्याचा. त्यानं १८४५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पेटंट घेतलं. रबर चढवलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा आणि बाहेरून चामड्याचं वेष्टन. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ही चाकं लावून त्यानं लोकांना दाखवली. गाडी हलकी चालते, आवाज करत नाही, सगळं मान्य झालं. पण चाक महाग, रबर महाग, आणि घोडागाडीवाल्यांना घाई कुठे होती? कल्पना बाजूला पडली. पुढे हाच थॉमसन वाफेवर चालणाऱ्या रस्तागाड्या बनवू लागला तेव्हा त्यानं त्यांना भरीव रबराचे जाड टायर लावले. त्यातल्या काही गाड्या १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे पंजाबात ग्रँड ट्रंक रोडवर धावल्या. क्रॉम्प्टन नावाचा तरुण लष्करी अधिकारी त्या कामावर होता, तोच जो पुढे विजेच्या धंद्यात नावाजला. १८७३ साली थॉमसन वारला. हवेचा टायर त्याच्याबरोबर विसरला गेला.

चाळीस वर्षांनी बेलफास्टमधल्या एका जनावरांच्या डॉक्टरानं, जॉन बॉइड डनलॉपनं, मुलाच्या तीनचाकीला हवेची नळी बांधली. १८८७ची ही गोष्ट, आणि पेटंट १८८८चं. थॉमसनचं काम त्याला ठाऊक नव्हतं. ह्या वेळी मात्र घाई असलेला माणूस तयार होता, तो म्हणजे सायकलस्वार. मे १८८९मध्ये बेलफास्टला शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा गडी हे जाडजूड टायर लावून उतरला, लोक हसले, आणि तो शर्यतीमागून शर्यत जिंकत गेला. ह्या शर्यतीनं डब्लिनच्या हार्वे द्यू क्रो ह्या व्यापाऱ्याचे डोळे उघडले आणि त्याच वर्षी कंपनी निघाली. १८९० साली कळलं की थॉमसनच्या जुन्या कागदामुळे डनलॉपचं पेटंट टिकत नाही! कंपनीच्या हातात जगाला हवी असलेली वस्तू होती आणि हक्क मात्र नव्हता.

मला वाटतं टायरच्या इतिहासातलं खरं वळण इथे आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. डनलॉपचा टायर रिमला कापडानं आणि सोल्यूशननं चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं म्हणजे सगळं सोलून काढायचं, नळी शोधायची, ठिगळ लावायचं, परत चिकटवायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. अर्धा दिवस जायचा. १८९०च्या शरदात महिन्याभराच्या अंतरानं दोघांनी ह्यावर दोन तोडगे काढले. विल्यम बार्टलेटनं टायरच्या कडेला गोठ दिला आणि रिमच्या काठाला आकडा, म्हणजे हवा भरली की गोठ आकड्यात दाबला जाऊन अडकतो. चार्ल्स किंग्स्टन वेल्चनं कडेमध्ये न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्यभागी खोलगट चर ठेवली.

ह्यातली वेल्चची युक्ती नीट समजून घ्या, कारण आजही जगातला जवळजवळ प्रत्येक टायर तिच्यावर चालतो. तारेचं कडं रिमच्या काठापेक्षा लहान असतं. मग ते चढतं कसं? एका बाजूची कड मधल्या चरीत ढकलायची. तेवढी ढिलाई मिळाली की समोरची बाजू काठावरून आत येते. हवा भरली की दोन्ही कडा चरीतून वर सरकून आपापल्या बैठकीवर बसतात आणि तार ताणायला तयार नसल्यामुळे टायर सुटू शकत नाही. आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला शेवटचा अर्धा फूट अडला की टायरला समोरून अंगठ्यांनी दाबत आणतो ना, तेव्हा तो वेल्चचं पेटंट राबवत असतो. पुन्हा एकदा लोहाराची धाव आठवा. तिथे लोखंड तापवून मोठं करायचं, इथे तार मोठी होत नाही म्हणून चाकालाच एका बाजूला लहान करायचं.

द्यू क्रोच्या कंपनीनं ही दोन्ही पेटंटं मिळवली आणि तिचा जीव वाचला. डनलॉप स्वतः काही वर्षांतच कंपनीतून बाहेर पडला. त्याचा दाढीवाला चेहरा तेवढा जाहिरातीत राहिला. तिकडे फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी १८९१ साली सुटा होणारा टायर काढला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँनं तो वापरून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिननं पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यतीत रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकून ठेवले, का तर आमचा टायर किती पटकन दुरुस्त होतो ते दिसावं! (जाहिरातबाजी आजचीच आहे असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

इथपर्यंत गोष्ट मजेची आहे. पण एवढ्या सायकलींना रबर कुठून आलं हे न सांगता पुढे जाणं मला जमत नाही.

१८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलींचं वेड पसरलं तेव्हा रबराचे मळे जवळपास नव्हतेच. हेन्री विकम ह्यानं १८७६ साली ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या होत्या, त्यांतल्या जेमतेम २७०० रुजल्या आणि रोपं सिलोन-सिंगापूरकडे गेली. पण झाड चीक द्यायला सहासात वर्षं लागतात आणि मळा उभा राहायला त्याहून जास्त. तोवर जंगली रबर. ते ॲमेझॉनच्या खोऱ्यात होतं आणि काँगोच्या जंगलात होतं, तिथे वेलींमधून निघणारं. काँगो हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याचा १८८५पासून खाजगी मुलूख होता. डनलॉपच्या पेटंटनंतर तीनचार वर्षांत तिथे रबराची सक्ती सुरू झाली. प्रत्येक गावानं ठरावीक वजनाचं रबर द्यायचं. पुरुष जंगलात जावेत म्हणून बायकांना ओलीस धरायचं. कमी भरलं तर शिपाई पाठवायचे, आणि शिपायांनी काडतुसं वाया घालवली नाहीत ह्याचा पुरावा म्हणून मेलेल्यांचे (आणि न मेलेल्यांचेही) हात कापून आणायचे.

हे उजेडात आलं ते एका कारकुनामुळे. ई. डी. मॉरेल लिव्हरपूलच्या एका जहाजकंपनीत कामाला होता आणि त्या निमित्तानं अँटवर्पच्या धक्क्यावर त्याचं जाणंयेणं असे. काँगोहून येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंतानं भरून येत. परत जाताना मात्र त्यांत व्यापाराचा माल जवळजवळ नसे, बंदुका आणि दारूगोळा असे. देवाणघेवाण नाहीच, म्हणजे तिथे मजुरी दिली जात नाही, हे त्यानं नुसत्या मालाच्या नोंदींवरून ओळखलं. १९०४ साली ब्रिटिश वकील रॉजर केसमेंटचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ॲलिस सीली हॅरिस ह्या मिशनरी बाईंनी न्साला नावाच्या बापाचा फोटो काढला. व्हरांड्याच्या कडेला बसून तो आपल्या लहान मुलीच्या हातापायाच्या तुकड्यांकडे पाहतो आहे. तो फोटो मी एकदाच पाहिला आहे आणि पुन्हा उघडलेला नाही. लिओपोल्डला १९०८मध्ये काँगो सोडावं लागलं. तोवर आशियातले मळे चीक द्यायला लागले होते. केरळात थट्टेकाडला, पेरियार नदीच्या काठी, व्यापारी लागवड १९०२ची. आज आपल्या दोडामार्गातही केरळी शेतकऱ्यांनी लावलेले रबराचे मळे दिसतात, झाडाला बांधलेल्या वाट्या आणि तिरकी चीर. विकमच्या त्या थोड्या रोपांचाच हा गोतावळा.

असो. भाच्याच्या आकड्यांकडे येतो.

सुरुवातीला सायकलच्या टायरवरचा आकडा सरळ होता. हवा भरलेलं चाक बाहेरून बाहेर मोजायचं. अठ्ठावीस इंच भरलं तर अठ्ठावीस. गुणिलेच्या पुढचा आकडा टायरच्या जाडीचा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचं २८ × १½ हे माप घ्या (दुकानात 'अठ्ठावीस दीड' म्हणायचं). त्याच्या रिमची बैठक ६३५ मिलिमीटर. दोन्हीकडे दीडदीड इंच मिळवा, ७११ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर २८ इंच. आकडा खरा बोलतो.

बिघडलं कुठे, तर टायर त्याच रिमवर जाड किंवा बारीक निघू लागले तेव्हा. जाडी बदलली की बाहेरचं माप बदलणार, पण गिऱ्हाईक गोंधळेल म्हणून पहिला आकडा तोच ठेवायचा. किंवा उलट, बाहेरचं माप तेच ठेवायचं आणि रिम बदलायची. दोन्ही प्रकार झाले, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारखान्यांत. परिणाम काय झाला पाहा. २६ × १¾ असं अपूर्णांकात लिहिलेला टायर ५७१ मिलिमीटरच्या रिमचा. २६ × १.७५ असं दशांशात लिहिलेला टायर ५५९च्या रिमचा. पाचवीतल्या मुलाला विचारा, पावणेदोन आणि एक पूर्णांक पंच्याहत्तर शतांश ह्यांत फरक काय? टायरच्या दुकानात फरक बारा मिलिमीटरचा! सोळा इंचात तर आणखी वाईट: १६ × १⅜ची रिम ३४९, १६ × १.७५ची ३०५. मॅसॅच्युसेट्सचे शेल्डन ब्राउन (२००८ साली वारले, सायकलवाल्यांचे गुरुजीच ते) ह्यांनी ह्यावर एक नियमच सांगून ठेवला होता, की गणितानं सारखे दिसणारे पण एक अपूर्णांकात आणि एक दशांशात लिहिलेले टायर एकमेकांच्या जागी कधीही चालत नाहीत.

हा दशांशवाला कुळाचार आला अमेरिकेतून, १९३३ साली. मंदीचे दिवस. सायकल ही तिथे तोवर मुलांची वस्तू झाली होती आणि तिला रिमला चिकटवायचे बारीक टायर असत, पोरांनी फुटपाथच्या काठावरून उडी मारली की संपलं. शिकागोच्या श्विन कारखान्याच्या फ्रँक श्विननं युरोपात जाड, कमी हवेचे टायर पाहिले होते. मोटारींना तसे फुगीर टायर दहाएक वर्षांपूर्वीच आले होते. त्यानं टायर कारखान्यांच्या मागे लागून सव्वादोन इंचांना जरा कमी, म्हणजे २⅛ इंच जाडीचा टायर बनवून घेतला. दशांशात २.१२५. सायकल २६ इंची. थोड्याच वर्षांत सगळी अमेरिका त्या टायरवर गेली.

आता जरा वजाबाकी करू. ह्या २६ इंची टायरची रिम ५५९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर २२ इंच. दोन्हीकडे २.१२५ मिळवा, सव्वासव्वीस. ठीक. त्याच घराण्यातली २० इंची सायकल: रिम ४०६, म्हणजे १६ इंच. अठरा इंची: ३५५, म्हणजे १४. सोळा इंची: ३०५, म्हणजे १२. लिहिलेल्या आकड्यातून चार वजा करा, रिम मिळते. दर वेळी. कारण तो आकडा श्विनच्या दोन इंची जाडीवर बेतलेला आहे. मला हे एकदा पाटीवर मांडल्यावर दिसलं आणि तेव्हापासून १८ हा आकडा वाचताना मी मनात १४ वाचतो.

हे घराणं कसं टिकलं तीही एक मजा आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही पोरं भंगारातल्या जुन्या श्विन सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. १९७६ साली त्यांनी त्याच्या शर्यती सुरू केल्या. एवढा मार सोसणारा जाड टायर फक्त त्या जुन्या पोरांच्या सायकलींनाच होता, म्हणून माउंटन बाइकला ५५९ची रिम मिळाली. आणि लहान मुलांच्या सायकली तर कधी त्या घराण्यातून बाहेर पडल्याच नाहीत. म्हणून जेव्हा विजेची एकचाकी आली तेव्हा तिला तयार, स्वस्त, जाड आणि छोटा असा एकच टायर बाजारात उभा होता. ट्रेव्हर ब्लॅकवेलनं २००४ साली स्वतः तोल सांभाळणारी सीटवाली एकचाकी बनवली होती. उभं राहून चालवायची, आज दिसते तशी, शेन चेननं २०१०च्या आसपास आणली. मग चिनी कारखाने उतरले. सुरुवातीची बहुतेक यंत्रं १४ × २.१२५ किंवा १६ × २.१२५वर चालत. म्हणजे शिकागोत शाळकरी पोरांसाठी ठरलेलं माप, ऐंशी वर्षांनी ऑफिसला जाणाऱ्या ऐंशी किलोच्या माणसाखाली!

यंत्रं वेगवान झाली, जड झाली आणि पोरांच्या सायकलचा टायर अपुरा पडू लागला. तेव्हा कारखान्यांनी त्याच १४ इंची रिमवर मोटारसायकलचा टायर चढवला. मोटारसायकलवाल्यांनी, मोटारवाल्यांप्रमाणे, बाहेरचं माप लिहिणं कधीच सोडून दिलं होतं. फोर्डच्या जुन्या मॉडेल टीला ३० × ३½ टायर असे, बाहेरून तीस. पण फुगीर टायर आल्यावर तिचा २९ × ४.४० हा टायर ४.४०-२१ म्हणून लिहिला जाऊ लागला: आधी जाडी, मग आडवी रेघ, मग रिम. हेच व्याकरण २.७५-१४चं. चौदा म्हणजे रिम.

तर भाच्याला उत्तर मिळालं. १८ × ३ मधून चार वजा कर, १४. पावणेतीन-चौदा त्याच रिमचा. आणि अजून एक: १८ × ३ बाहेरून १८ इंच नाहीच. चौदा अधिक तीन अधिक तीन, वीस. जाडी वाढली, नाव जुनंच राहिलं. म्हणून काही कारखाने जवळपास ह्याच चाकाला २० इंची म्हणतात आणि लोक भांडत बसतात.

एकच खबरदारी. मिलिमीटरपर्यंत गेलं तर सायकलची ३५५ची बैठक आणि मोटारसायकलची १४ इंची बैठक ह्यांत दोनएक मिलिमीटरचा फरक असतो. सायकलचा टायर मोटारसायकलच्या रिमवर घट्ट जातो, उलटं केलं तर ढिला बसतो. वेल्चची तार ढिली असेल तर ती काहीच धरत नाही. म्हणून मी त्याला जुन्या टायरच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचायला सांगितलं, माहितीपुस्तकातली नव्हे. त्यानं ओल्या फडक्यानं पुसून फोटो पाठवला. १८ × ३.०च्या खाली, अर्ध्या उंचीच्या अक्षरांत, २.७५-१४.

मग निवड सोपी होत गेली. मधल्या काळात कोणीतरी त्याला ८०/९०-१४ सुचवला होता. ऐंशी मिलिमीटर रुंद, उंची त्याच्या नव्वद टक्के म्हणजे ७२. रिमचे ३५५.६ आणि दोन्हीकडचे ७२ मिळून साधारण ५०० मिलिमीटर, १९.७ इंच. बसतो. पुढे ४० आणि पी असं होतं. चाळीस म्हणजे १४० किलो भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. पोरांच्या सायकलच्या टायरवर हे अक्षर शोधून सापडायचं नाही. मोठे गठ्ठे असलेला, चिखलातला टायर त्याला दिसायला आवडला होता. मी नको म्हटलं. तो जातो डांबरी रस्त्यानं, तिथे गठ्ठे थरथरतात आणि ओल्या रस्त्यावर टेकणारं रबर कमी होतं. बाहेरचं माप वाढवणंही नको. चाक मोठं झालं की तीच मोटर रस्त्यावर कमी जोर लावू शकते, आणि तोल सावरायला तोच जोर लागतो. वेगाचा आकडाही मग कमी दाखवतो, आणि यंत्र ज्या वेगाला सावधगिरीचा इशारा देतं तो खऱ्या वेगाच्या मागे राहतो.

काम कटकटीचं आहे हे खरं. मोटर चाकाच्या पोटात आणि तिच्या तारा आसातून बाहेर येतात, त्यामुळे पावट्या, बाजूची कवचं, सगळं उघडल्याशिवाय चाक सुटत नाही. तारा कुठल्या कुठे जातात त्याचे आधी फोटो काढून ठेव म्हटलं. वॉल्व्ह मोटारचा, म्हणजे श्रेडरचा. कवचामुळे पंपाचं तोंड पोचत नाही म्हणून काटकोनात वळलेली छोटी नळी आधीच आणून ठेव. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तो पाहून चढव. कड चढवताना लोखंडी पट्टीला हात घालण्याआधी समोरची बाजू चरीत ढकललीस का ते बघ. आणि हवा भरल्यावर कडेची बारीक रेघ रिमपासून दोन्हीकडे सगळीकडून सारखी दिसेपर्यंत त्यावर उभा राहू नकोस. दाब तीस ते चाळीस पौंडांच्या मध्ये, त्याच्या वजनाला पस्तीसपासून सुरुवात करायला हरकत नाही.

दुकानाकडून पैसे देण्याआधी आणखी एक फोटो मागवायला सांगितलाय. टायरच्या अंगावर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. गोदामात पाचसहा वर्षं पडून राहिलेलं रबर नको. तो फोटो अजून आलेला नाही, तोवर भाचा बसनं जातोय.